चार आकडे आणि एक अट : टू-पोर्टच्या 'संपूर्ण' वर्णनाविषयी

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, आम्ही वर्षानुवर्षं वर्गात एक उदाहरण देत आलो, आणि ते चुकीचं होतं. निदान अर्धवट होतं. आज त्याची झाडाझडती घ्यायची आहे.

उदाहरण हे. विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवताना 'ब्लॅक बॉक्स' हा शब्द येतो. बंद डबी, आत काय आहे ते दिसत नाही. बाहेरून काही दिलं की बाहेर काही मिळतं. आम्ही सांगत असू की, डबी न उघडता तिच्याबद्दल सगळं जाणता येतं याचा चोख नमुना पाहायचा असेल तर विजेचं टू-पोर्ट नेटवर्क पाहा. तिथे चार आकडे मोजले की काम संपतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पुस्तकात या अर्थाचं वाक्य सापडेल : डबी रेषीय असेल, आत स्वतंत्र सोर्स नसेल, तर तिचं वर्णन चार पॅरामीटरनी पूर्ण होतं. आमचं सगळं भांडण या 'पूर्ण' शब्दाशी आहे.

आधी ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक डबी घ्या. डावीकडून दोन तारा बाहेर आल्या आहेत, उजवीकडून दोन. डाव्या जोडीला पहिला पोर्ट म्हणायचं, उजव्या जोडीला दुसरा. मराठीत 'द्विद्वार' म्हणता येईल, पण आपण टू-पोर्टच म्हणू. प्रत्येक पोर्टवर एक व्होल्टेज आणि एक करंट, म्हणजे एकूण चार राशी. त्यातल्या कुठल्याही दोन तुम्ही ठरवा, उरलेल्या दोन डबी ठरवते. चारांतून दोन निवडायचे सहा मार्ग, म्हणून पॅरामीटरांचे सहा संच. दोन्ही करंट तुम्ही ठरवलेत तर झेड-पॅरामीटर. दोन्ही व्होल्टेज ठरवलीत तर वाय. एका बाजूचा करंट आणि दुसऱ्या बाजूचं व्होल्टेज घेतलंत तर एच, म्हणजे हायब्रिड. दुसऱ्या पोर्टच्या दोन्ही राशी धरून पहिल्याच्या काढल्यात तर एबीसीडी. ते टेलिफोनच्या आणि वीजवाहिन्यांच्या लोकांना फार प्रिय, कारण डब्या एकामागे एक जोडल्या की मॅट्रिक्सचा नुसता गुणाकार करत जायचं. उरलेले दोन संच परीक्षेपुरते असतात, ते सोडून देऊ.

आता पुस्तकं काय करतात, तर प्रकरणाच्या शेवटी एक मोठं कोष्टक देतात. झेडवरून वाय, वायवरून एच, एचवरून एबीसीडी. विद्यार्थी ते पाठ करतो आणि त्याची समजूत होते की हे सहा संच म्हणजे एकाच मजकुराचे सहा अनुवाद आहेत. तसं नाही. प्रत्येक संच हा एक प्रश्न आहे, आणि काही डब्यांना काही प्रश्न विचारताच येत नाहीत. झेड मोजायचं तर एक पोर्ट उघडा ठेवून दुसऱ्यातून करंट सोडावा लागतो. डबीत फक्त एकच रेझिस्टर असेल, तोही वरच्या तारेत सरळ, म्हणजे पहिल्या पोर्टकडून दुसऱ्याकडे जाणारा, तर दुसरा पोर्ट उघडा ठेवल्यावर करंटला परतायला वाटच नाही. झेड अस्तित्वातच नाही. तोच रेझिस्टर दोन तारांच्या मध्ये आडवा टाका; आता झेड आहे, पण वाय नाही. आदर्श ट्रान्सफॉर्मरला तर झेडही नाही आणि वायही नाही. एच आहे, एबीसीडी आहे. कोष्टकात हे सगळं छेदातल्या एखाद्या राशीत दडलेलं असतं. ती शून्य झाली की अनुवाद बंद. पण छेदाकडे कोण बघतो?

प्रश्न कुणाला परवडतो, हाही भाग आहे. बेल लॅबमध्ये १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर झाला आणि पुढच्या दशकात एच-पॅरामीटर घरोघरी पोहोचले. कारण तात्त्विक नव्हतं. ट्रान्झिस्टरची इनपुट बाजू कमी रोधाची, आउटपुट बाजू जास्त रोधाची. इनपुट सिग्नलपुरतं उघडं ठेवणं आणि आउटपुट सिग्नलपुरतं शॉर्ट करणं हे टेबलावर सहज जमतं. आजही स्वस्तातल्या मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टर खोचायची छोटी गोल सॉकेट असते आणि शेजारी 'एचएफई' छापलेलं असतं, ते याच घराण्यातलं. पुढे फ्रीक्वेन्सी वाढत गेली तसं ओपन हे ओपन राहिना, कारण हवेतूनही थोडी कपॅसिटी असतेच. शॉर्ट हे शॉर्ट राहिना, कारण तारेच्या तुकड्यालाही इंडक्टन्स असतो. आणि ट्रान्झिस्टर मोजताना स्वतःच ऑसिलेट व्हायला लागला. मग लोकांनी प्रश्नच बदलला. दोन्ही बाजूंना ५० ओहम लावा, एक लहर आत पाठवा, किती परत आली आणि किती पलीकडे गेली ते बघा. हे एस-पॅरामीटर. कल्पना जुनी, बेल्जियमच्या बेलेविचने १९४५ मध्येच सर्किटांसाठी मांडलेली. चलनात आली साठच्या दशकात. म्हणजे बघा, 'डबीचे गुणधर्म' म्हणून आपण जे लिहितो त्यात डबी किती आणि आपल्या टेबलावरची सोय किती, हे सांगणं सोपं नाही.

आणि हे आकडे स्थिर असतात असंही नाही. बीसी ५४७ हा आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेज लॅबमधला ट्रान्झिस्टर. त्याच्या डेटाशीटमध्ये करंट गेन ११० पासून ८०० पर्यंत दिलेला असतो, ए, बी, सी अशा तीन गटांत, आणि तोही २ मिलिअँपिअर, ५ व्होल्ट अशा ठरावीक स्थितीत. त्या स्थितीतून हलवला की आकडा हलतो. पण हा आक्षेप किरकोळ आहे; इंजिनिअरला तो ठाऊक असतो आणि तो सावध असतो. आम्हाला यापेक्षा खोलातलं बोलायचं आहे.

एक गोष्ट इतिहासातली. १८५३ मध्ये हेल्महोल्ट्झ क्योनिग्जबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. बेडकाच्या स्नायूत वीज असते हा त्या काळचा गाजलेला विषय. स्नायूच्या पृष्ठभागावर दोन तारा टेकवल्या की करंट मिळतो. त्यावरून आतला विजेचा उगम कुठे आणि कसा आहे हे ओळखता येईल का? हेल्महोल्ट्झनी त्यावर जो निबंध लिहिला त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली इंजिनिअरांनी उचलली : बाहेरच्या दोन बिंदूंपुरतं बोलायचं तर आतला सगळा पसारा एक व्होल्टेज आणि एक रोध एवढ्यावर आणता येतो. फ्रान्सच्या तारखात्यातल्या थेव्हेनिनने १८८३ मध्ये तीच गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली, आणि आज ती त्याच्या नावाने शिकवतात. दुसरी गोष्ट इंजिनिअरांनी उचलली नाही, कारण त्यांना ती नको होती : बाहेरची मोजमापं अगदी तीच ठेवून आतली रचना अनेक प्रकारची असू शकते. शरीरशास्त्रज्ञाला हे दुसरं वाक्य म्हणजे वाईट बातमी होती. इंजिनिअरला तीच चांगली बातमी. आत काहीही असो, आपलं काम भागतं! एकाच निबंधातून एक विद्याशाखा आनंदाने बाहेर पडली आणि दुसरी डोक्याला हात लावून, असं क्वचित घडतं.

हे दुसरं वाक्य आपण आकड्यांत पाहू. कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या डबीत टी आकाराचं जाळं : डावीकडून १० ओहमचा रेझिस्टर मधल्या बिंदूपर्यंत, उजवीकडून १० ओहमचा त्याच बिंदूपर्यंत, आणि त्या बिंदूपासून खाली समाईक तारेपर्यंत आणखी एक १० ओहमचा. दुसऱ्या डबीत पाय आकाराचं जाळं : वरती आडवा ३० ओहम, आणि दोन्ही टोकांपासून खाली समाईक तारेपर्यंत ३०-३० ओहम. दोन्हींचे झेड काढा. झेड-वन-वन २०, झेड-टू-टू २०, झेड-वन-टू आणि झेड-टू-वन १०. दोन्ही डब्यांना अगदी तेच. केनेलीने १८९९ मध्ये दिलेलं स्टार-डेल्टा रूपांतर ते हेच.

आता पहिल्या पोर्टमधून १ अँपिअर सोडा, दुसरा पोर्ट उघडा ठेवा. दोन्ही डब्यांत एकूण उष्णता २० वॉट. पण टीच्या डबीत दोन रेझिस्टर १०-१० वॉटने तापतात आणि तिसरा गार असतो, त्यातून काही वाहतच नाही. पायच्या डबीत एक १३.३३ वॉटने तापतो, बाकीचे दोन ३.३३ वॉटने, गार कोणीच नाही. म्हणजे बाहेरून जुळी असलेली भावंडं आतून वेगळ्या ठिकाणी तापतात. कुठला रेझिस्टर आधी जळेल हे चार आकड्यांत नाही. जळल्यावर काय होईल हे तर त्याहून नाही. टीमधला मधला रेझिस्टर तुटला तर दोन्ही पोर्ट सरळ एकमेकांना जोडलेले राहतात, मध्ये नुसते २० ओहम, आणि झेड संपला. पायमधला वरचा तुटला तर दोन्ही पोर्ट एकमेकांना पारखे होतात. प्रत्येकावर ३० ओहम दिसतात, पलीकडे काही पोहोचत नाही. 'हे बिघडलं तर?' हा प्रश्न दुरुस्तीवाल्याचा आहे. त्याला चार आकडे देऊन भागत नाही, त्याला सर्किट डायग्राम लागते.

इथपर्यंत आम्ही वर्गातही येत होतो. आणि इथे आमचा बचाव तयार असे : अंतरंग कळत नाही हे कबूल, पण वर्तन तर पूर्ण कळतं ना? डबी जोपर्यंत धड आहे तोपर्यंत ती बाहेरच्या जगाशी कशी वागेल ते चार आकडे सांगतात. मनाच्या तत्त्वज्ञानातले कार्यवादी लोक, साठच्या दशकातला पटनम वगैरे, साधारण असंच म्हणत होते. मनोवस्था म्हणजे ती काय घेते, काय देते आणि दुसऱ्या अवस्थांशी कशी जोडलेली आहे, एवढंच. ती कशाची बनली आहे हे गौण. ॲशबीचं सायबरनेटिक्सवरचं १९५६ चं पुस्तक आहे, त्यात ब्लॅक बॉक्सवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि ही समस्या विद्युत अभियांत्रिकीतून आली असं ते मोकळेपणाने सांगतात. तेव्हा आमचं उदाहरण घराण्यातलं होतं. आम्ही निर्धास्त होतो.

एका वर्षी वर्गात एक मुलगा होता. इंजिनिअरिंग करून, नोकरी सांभाळून, हौसेने तत्त्वज्ञानाच्या वर्गाला बसणारा. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, एक शंका आहे. ह्या दोन डब्या सिरीजमध्ये जोडल्या तर काय होईल?" आम्ही पुस्तकात वाचलेलं सांगितलं : झेड-पॅरामीटरांची बेरीज होते. तो हसला नाही, एवढा त्याचा मोठेपणा. फळ्याकडे गेला आणि दोन टी काढले.

आपणही काढू. दोन्ही डब्या वरच्याच, १०-१०-१० ओहमच्या टी. एक वर, एक खाली. वरच्या डबीच्या खालच्या दोन तारा खालच्या डबीच्या वरच्या दोन तारांना जोडायच्या. डावी डावीला, उजवी उजवीला. पुस्तकाच्या नियमाने उत्तर : झेड-वन-वन २० अधिक २० म्हणजे ४०, झेड-वन-टू १० अधिक १० म्हणजे २०. आता प्रत्यक्ष पाहा. वरच्या टीची खालची तार समाईक आहे, डावीकडून उजवीकडे अखंड. ती खालच्या डबीच्या दोन्ही वरच्या टोकांना लागली म्हणजे ती दोन टोकं आपसांत शॉर्ट झाली. खालच्या टीचे दोन खांदे, १० आणि १०, आता समांतर झाले, म्हणजे ५. हिशोब करा : १० अधिक १० अधिक ५ अधिक १०. झेड-वन-वन ३५. आणि दुसऱ्या पोर्टवर दिसणारं झेड-वन-टू १० अधिक ५ अधिक १०, म्हणजे २५. चाळीस-वीसच्या जागी पस्तीस-पंचवीस. नियम चुकला.

मग त्याने खालची डबी उलटी केली, समाईक तार वर, आणि पुन्हा जोडली. आता समाईक तारेला समाईक तार लागली. हिशोब : ४० आणि २०. नियम बरोबर! तिसऱ्यांदा त्याने डबी पुन्हा सरळ केली आणि तिच्या एका पोर्टवर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला. आदर्श ट्रान्सफॉर्मर, चारही पॅरामीटर जसेच्या तसे. पुन्हा ४० आणि २०.

आता आमचा बचाव कुठे राहिला? ट्रान्सफॉर्मर असलेली डबी आणि नसलेली डबी, दोघींचे चारही आकडे एकच. तरी तिसऱ्या डबीला जोडल्यावर दोघी वेगळ्या वागतात. हा अंतरंगाचा प्रश्न नाही, वर्तनाचाच आहे. चार आकड्यांनी वर्तनही पूर्ण सांगितलेलं नाही.

पुस्तकांवर अन्याय करायला नको. चांगल्या पुस्तकांत हे आहे. प्रत्येक पोर्टच्या एका तारेतून जेवढा करंट आत जातो तेवढाच दुसरीतून बाहेर आला पाहिजे, ही पोर्टची अट पहिल्याच पानावर असते. जोडल्यावर ती टिकते का हे तपासायला ब्रूनच्या नावाची कसोटी असते, आणि टिकत नसेल तर ट्रान्सफॉर्मर लावा असा उपायही असतो. पण तो असतो कुठे? जोडण्यांच्या परिच्छेदात, टीप म्हणून. पहिल्या पानावर अट व्याख्येसारखी येते आणि विसरली जाते; शेवटी अपवादासारखी येते आणि वगळली जाते. मधल्या तीस पानांत डबी आणि तिचे चार आकडे यांचा संसार सुखाने चालतो. आमची तक्रार चुकीची नाही, जागेची आहे. जो आधार आहे त्याला तळटीप केलं.

नैयायिकांकडे याला नेमका शब्द आहे : उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. जिथे अग्नी तिथे धूर, ही खरी नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कशामुळे? ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी. स्वयंपाकघरात बसून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तिथे सरपण नेहमीच थोडं ओलं असतं, आणि त्याला वाटतं धूर हा अग्नीचाच स्वभाव. झेडची बेरीज होते, हा डबीचा स्वभाव नाही. पोर्टची अट टिकली तर होते. लॅबमध्ये आपण एका वेळी एकच डबी मोजतो, तिच्या प्रत्येक पोर्टला स्वतंत्र मीटर लावतो, तिथे अट आपोआप टिकते. म्हणून ती दिसत नाही.

या अटीने आपण किती सोडलं आहे, तेही मोजता येतं. चार तारांची डबी, कुठलीही अट न घालता, पूर्ण सांगायची तर एक तार संदर्भाला धरून तीन व्होल्टेज आणि तीन करंट उरतात. तीन बाय तीनची मॅट्रिक्स, नऊ आकडे. दोन पोर्टांची अट घातली की चार. पाच आकडे आपण मोजले नाहीत. 'अशा वापरापुरतं बोलू' असं ठरवून बाजूला ठेवले. व्यवहारात हे शहाणपणाचं आहे. टेलिफोनचं जग या काटकसरीवर उभं राहिलं.

जाता जाता नावाचं एक. १९२१ मध्ये ब्राइझिगने जर्मनमध्ये या डबीला 'फिअरपोल' म्हटलं, म्हणजे चतुर्ध्रुव. पुढे १९२९ मध्ये स्ट्रेकर आणि फेल्टकेलर यांनी तिला मॅट्रिक्सचं रूप दिलं तेही फिअरपोल म्हणूनच. इंग्रजीत आधी फोर-टर्मिनल नेटवर्क म्हणत, नंतर टू-पोर्ट रूढ झालं. चार ध्रुव ही डबीवर दिसणारी गोष्ट आहे, बोटाने मोजता येते. दोन पोर्ट ही डबीवर दिसत नाहीत. कुठली तार कुठल्या तारेची जोडीदार हे आपण ठरवतो. नवं नाव अधिक काटेकोर आहे, कारण त्यात अट आहे. आणि अधिक फसवं आहे, कारण ती अट डबीचीच वाटते.

ॲशबींच्या वाचकांनी, आणि आम्हीही, इथेच गफलत केली. आम्ही धरून चाललो की डबीला इनपुट आणि आउटपुट असतातच. आपण फक्त मोजायचं. माणसाच्या बाबतीत कुठली कृती कुठल्या प्रसंगाची जोडीदार, हे आधी कोणी ठरवलं? वर्तनवाद्याने पोर्ट आधी जाहीर केले, मोजमाप नंतर केलं, आणि निष्कर्षात म्हटलं की मोजमाप संपूर्ण आहे. कार्यवादी निदान अवस्थांच्या परस्पर जोडणीचं नाव घेतो. पण जोडणी झाल्यावर अवस्थांचे जुने आकडे टिकतात, हे तोही गृहीतच धरतो. फळ्यावरच्या दोन टींनी ते मोडून दाखवलं. मन टी-नेटवर्कसारखं आहे असं आम्ही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की, ज्या उदाहरणाच्या बळावर आम्ही हे शिकवत होतो, त्या उदाहरणातच ते खरं नव्हतं.

त्या दिवशी शेवटी आम्ही त्या मुलाला विचारलं, "मग ह्या दोन डब्यांतला फरक बाहेरून कळायचाच नाही का?" तो म्हणाला, "कळेल की सर. पण पोर्टवर नाही, पोर्टांच्या मध्ये बघायला लागेल." पुढच्या तासाला त्याने दोन छोट्या डब्या करून आणल्या, एकीत ट्रान्सफॉर्मर, एकीत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला. एक प्रोब पहिल्या पोर्टच्या खालच्या तारेला, दुसरा दुसऱ्या पोर्टच्या खालच्या तारेला. एक डबी वाजली, दुसरी नाही.